बेलखोडे, मुक्काम पोस्ट ओफू

नागपूरच्या माणसाला समुद्राचं वेड असावं, हे मला शेवटपर्यंत नीट पटलं नाही. आम्ही पुणेकर तरी कुठे मोठे दर्यावर्दी? वर्षातून एकदा दापोलीला जाऊन मासे खाल्ले की आमचा समुद्र संपला. पण विनायक बेलखोडे कॅलिफोर्नियात आला, आधी एक जुनी, पोचे आलेली गाडी घेतली आणि त्यानंतर घर नाही, सोफा नाही, थेट शिडाची होडी घेतली. तीही जुनीच. कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये, अंबाझरी तलावावर, तो होडी चालवायला शिकला होता. म्हणून होडीचं नाव अंबाझरी. बंदरातल्या शेजारच्या होड्यांवरचे गोरे म्हातारे ते नाव वाचायला सुरुवात करत आणि अर्ध्यावर सोडून देत.

"तलावात शिकलास आणि पॅसिफिकमध्ये घालतोस?" मी एकदा विचारलं.

"पाणी पाणीच असते बे पुणेकर. याचा दुसरा काठ जरा लांब आहे, एवढंच."

मला तो कायम पुणेकरच म्हणाला. माझं नाव त्याला माहीत असावं, असा माझा अंदाज आहे.

क्युपर्टिनोच्या ऑफिसात आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती, मधे एक कापडी पार्टिशन. त्याच्या खणात दोन गोष्टी कायम असायच्या, एक जाडजूड फाइल आणि हातभर दोरी. मीटिंग सुरू झाली की टेबलाखाली त्याचे हात चालू. गाठ मारायची, सोडायची, दुसरी मारायची. तोंडानं मात्र डेटाबेसबद्दल शहाण्यासारखं बोलणं चालायचं. दोन हजार एक साली मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि कोण राहणार, कोण जाणार ती नावं वाचून दाखवली. आमच्यातल्या व्हिसावाल्यांची नोकरी जाणं म्हणजे देशच जाणं. बेलखोडेचं नाव राहणाऱ्यांत निघालं. बाहेर आल्यावर पाहतो तर दोरीची गाठ इतकी आवळलेली की सुटेना. शेवटी त्यानं ती कात्रीनं कापली.

"ही कुठली गाठ?" मी विचारलं.

"ही पुस्तकात नाही," तो म्हणाला आणि डबा खायला गेला.

त्या फाइलमध्ये त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज होता. अर्ज तिघांचा होता, तो, सुनीतावहिनी आणि मुलगी रेवा. पण मूळ अर्जदार तो. त्याचा अर्ज पडला की तिघांचाही पडणार आणि रांग पुन्हा पहिल्यापासून लागणार. मला माझं कार्ड नशिबानं लवकर मिळालं होतं. बेलखोडे मात्र सहा वर्षं रांगेत उभा होता. उभं राहता राहता तो त्या विषयातला इतका तयार झाला, की शनिवारी सकाळी त्याच्या अपार्टमेंटमध्ये लोक आपापल्या फाइली घेऊन यायचे. वहिनी तर्री-पोहे करायच्या आणि हा गालिच्यावर मांडी घालून एकेकाचे कागद तपासायचा. वकिलानं सांगितलं, मित्रानं सांगितलं, असलं काही त्याच्यापुढे चालायचं नाही. "तोंडी नको सांगू. कागद दाखव," एवढंच त्याचं म्हणणं.

एकदा पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कॅरी गावाहून कुणाचा तरी फोन आला. अर्जात नोकरीची तारीख दोन महिने अलीकडची दाखवली तर चालेल का, असं तो विचारत होता. बेलखोडेनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खोटं लिहायचं असेल तर लिही भाऊ, पण मला काहून विचारून राहिला?" आणि फोन ठेवला. पोहे थंड झाले होते, ते तसेच खाल्ले.

त्याचा दुसरा नियम याहून कडक होता. अर्ज चालू असताना अमेरिकेबाहेर पाऊल टाकायचं नाही. तशी परवानगी मागता येते, कागदोपत्री सोय आहे, हे त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत होतं. पण त्यानं माणसं जाताना पाहिली होती आणि तिकडेच अडकून पडलेलीही पाहिली होती. त्यामुळे सहा वर्षांत तो, वहिनी, रेवा, कुणीही नागपूरला गेलं नाही. वहिनींचे वडील गेले त्या शनिवारीही लोक फाइली घेऊन आले होते. वहिनींनी नेहमीसारखे पोहे केले, सगळ्यांना वाढले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आम्हाला कळलं ते दोन आठवड्यांनी. मला आजही ते पोहे खाल्ल्याची लाज वाटते.

या नियमामुळेच त्याचं ते खूळ निघालं असावं. बाहेर जायचं नाही ना, मग आतल्या आत जिथवर जाता येईल तिथवर जायचं. भिंतीवर त्यानं नकाशा लावला होता. अलास्का झालं, फ्लॉरिडाचं टोक झालं. रेवा तेव्हा ॲन आर्बरला शिकत होती. सुट्टीत घरी आली की नकाशाकडे बघून म्हणायची, "बाबा, इंडिया इज ऑल्सो अ प्लेस, यू नो?" तो हसायचा आणि बोट खाली सरकवायचा, पार विषुववृत्ताच्याही खाली. तिथे अमेरिकेच्याच ताब्यातली अमेरिकन सामोआची बेटं होती आणि त्यातल्या त्यात कोपऱ्यात ओफू नावाचा एक ठिपका. "हे शेवटचं डोमेस्टिक," तो म्हणायचा.

कागदाशिवाय तो हलणारा नव्हताच. त्यानं ओफूच्या पोस्टात पत्र टाकलं. होडी नांगरायला जागा कुठे, पाणी किती खोल, वगैरे. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. लूपे नावाच्या बाईनं लिहिलं होतं. ती तिथलं दुकान चालवायची आणि गावाचं टपालही सांभाळायची. पाकिटावर आपलंच, अमेरिकेचं तिकीट, देशांतर्गत दराचं. बेलखोडेनं ते पाकीट मला तीनदा दाखवलं. "हे पाय, क्युपर्टिनोहून कॅरीला जेवढं लागते तेवढंच."

"तरी वकिलाला विचारायचं का?" तो एकदा म्हणाला.

"झेंडा आपला, डॉलर आपला, टपाल आपलं. वकील काय वेगळं सांगणार?" हे मी म्हणालो. होय, मीच.

होडी त्यानं आदल्या वर्षीच हवाईपर्यंत नेऊन ठेवली होती. दोन हजार सातच्या मे महिन्यात, साठवलेली सगळी रजा टाकून, तो तिथल्या हिलो बंदरातून निघाला आणि मला बरोबर घेतलं. मला होडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्याकडे चहा आणि खिचडी हे खातं होतं. पहिले चार दिवस तेही जमलं नाही, मी आडवाच होतो. एकोणीस दिवसांत आम्हाला एक मालवाहू जहाज दिसलं आणि बाकी पाणी. बेलखोडे या सगळ्यात अगदी घरच्यासारखा वावरायचा. सकाळी दाढी करायचा, इस्त्री नसलेला का होईना पण शर्ट घालायचा आणि सुकाणू धरून बसायचा. ऑफिसात नऊला येणारा माणूस इथे सहाला कामावर हजर असे.

विसाव्या दिवशी दुपारी आधी वास आला, ओल्या मातीचा आणि धुराचा. मग ढगाखाली दोन हिरवे सुळके वर आले. खडकांमधल्या अरुंद वाटेतून त्यानं होडी आत घेतली तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो आणि तो खोली मोजत आकडे ओरडत होता. नांगर पडला. आम्ही डिंगीतून, म्हणजे बरोबरच्या छोट्या होडीतून, किनाऱ्यावर उतरलो, दहा पावलं चाललो, तेवढ्यात कुणीतरी लोखंडी सिलिंडरवर टोले मारले. क्षणात सगळं गाव थांबलं. एका ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं आम्हाला हातानं खूण केली, खाली बसा. ती त्यांची संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ होती. त्या वेळात गावातून कुणी चालायचं नसतं.

बेलखोडेनं तिथेच रस्त्यात मांडी घातली. ताठ, हात गुडघ्यांवर. मी कसाबसा टेकलो, पाय दुखायला लागले आणि सरळ केले. म्हाताऱ्यानं माझ्या पायांकडे असं काही पाहिलं की मी ते पुन्हा दुमडले. दहा मिनिटांनी पुन्हा टोले पडले आणि माणसं हसत बाहेर आली. त्यात सगळ्यात पुढे एक उंच, पांढऱ्या केसांची, कंबरेला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेली बाई होती. तिनं विचारलं, "बेलखोडे?" तिचा उच्चार आमच्या मॅनेजरपेक्षा बरा होता. ही लूपे.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला बेट दाखवलं. दाखवायला एकच रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला इतकं स्वच्छ पाणी की तळातले मासे काठावरून मोजावेत. घरांसमोर अंगणातच त्यांच्या वाडवडिलांची थडगी, त्यांवर ताजी फुलं. नीरफणसाच्या झाडांवरून मोठाली वटवाघळं भर उन्हात उडत होती. बेलखोडे हात मागे बांधून चालत होता आणि दिसेल त्याला प्रश्न विचारत होता. विहीर किती खोल, शाळेत किती पोरं, वादळात कुठे जाता. रस्त्याच्या टोकाला पलीकडच्या बेटाला जोडणारा एक पूल होता. गावातल्या बाया-माणसांनी त्यावरून पाण्यात उड्या मारायचा खेळ मांडला होता. बेलखोडेनं घड्याळ आणि चष्मा माझ्याकडे दिला.

"वेडा झालास काय? सेहेचाळीस वय आहे तुझं!"

"म्हणून तर घाई आहे," म्हणाला आणि नाक धरून गेला खाली. वर आला तो मोठमोठ्यानं हसत. सात वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुपारी लूपेनं दुकानामागच्या ओट्यावर जेवायला वाढलं. नारळाच्या दुधात भाजलेली अळूची पानं होती. पहिला घास घेऊन बेलखोडे थांबला. "अबे, हा तर धोपा!" विदर्भात अळूला धोपा म्हणतात, हे मी त्या दिवशी ओफूवर शिकलो. त्यानं तीनदा मागून घेतलं.

जेवताना लूपेनं सहज विचारलं, परत जाताना कुठला कागद दाखवणार? तो म्हणाला, कागद कशाला, अमेरिकेतून अमेरिकेत तर चाललोय. ती हळूच म्हणाली, कागदाच्या हिशेबानं इथे अमेरिका नाही. आम्हीसुद्धा अमेरिकन आहोत पण नागरिक नाही, आमच्या पासपोर्टात तसं छापलेलं असतं. तिच्या थोरल्या मुलाची बायको परदेशी होती. हवाईत तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता. सासूला भेटायला म्हणून ती इकडे आली आणि तिचा अर्ज रद्द झाला. परवानगी न घेता देश सोडला म्हणून.

"कागद आहे?" बेलखोडेनं विचारलं. आवाज अगदी शनिवारचा होता.

लूपेनं खणातून घडी घातलेलं पत्र काढून दिलं. त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं ते व्यवस्थित घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." जगातले सगळे कागद पाहणाऱ्या माणसानं एकदाच पाकिटावरच्या तिकिटावर विश्वास ठेवला होता. त्या विश्वासावर शिक्कामोर्तब करणारा शहाणा त्याच्या शेजारी बसून नारळाचं दूध भुरकत होता. मी वाटी खाली ठेवली.

लूपेच्या दुकानातून त्यानं घरी फोन लावला. वहिनींनी सगळं ऐकून एकच विचारलं, "तुम्हाला कुणी पाहिलं?"

"गावानं पाहिलं. सरकारी कुणी नाही."

"मग गुपचूप या परत. कुणाला काही बोलू नका. अहो, रेवाचं कॉलेज आहे, माझी नोकरी आहे. सहा वर्षं काढली आपण."

"हो," तो म्हणाला.

मलाही तेच वाटत होतं. समुद्रावर ना चौकी ना शिक्का. हिलोला परत गेलो की कोण विचारतंय? लगेच पाणी भरून निघावं असं मी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी त्या गावात होडीसुद्धा हलत नाही. आम्ही थांबलो.

रविवारी आम्हाला चर्चमध्ये नेलं. प्रार्थना झाली, सुंदर गाणी झाली आणि मग पाद्रीबाबांनी एक जाड वही आणली. गावात जी जी होडी येईल तिच्या माणसांनी त्यात आपलं नाव, आपलं गाव, कुठून आलो, कुठे चाललो ते लिहायचं. पाद्री ते मोठ्यानं वाचतो. ती माणसं पुढच्या बंदराला सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत सगळं गाव रोज संध्याकाळी त्यांच्या नावानं प्रार्थना करतं. तशी पद्धत होती. वही बेलखोडेसमोर आली.

"दुसरं काहीतरी लिही," मी मराठीत पुटपुटलो. "जोशी लिही, कुलकर्णी लिही. कुणाला कळतंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. पेन हातात धरून तो खूप वेळ उभा होता. पंख्यांच्या वाऱ्यानं वहीची पानं फडफडत होती आणि सगळं गाव वाट बघत होतं. मग त्यानं लिहिलं, आधी देवनागरीत आणि खाली इंग्रजीत. विनायक नारायण बेलखोडे. गाव नागपूर. राहणार क्युपर्टिनो. हिलोहून आलो. पाद्रींनी ते वाचलं. सगळ्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत.

बाहेर आल्यावर मी त्याला फाडफाड बोललो. पुण्यात ज्याला शहाणपणा म्हणतात तो सगळा मी त्याला ऐकवला. एका वहीतल्या नावानं काय होतंय, ती वही कोण बघणार आहे, आता तरी गप्प बस.

"एवढे लोक माझ्यासाठी देवाला सांगून राहिले," तो म्हणाला, "त्यांना काय भलत्याच माणसाचं नाव देऊ? आणि इथं खरं लिहिलं, मग तिथल्या कागदावर खोटं कसं लिहू बे?"

"आणि वहिनी? रेवा?"

मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा. वाळूत बसून त्यानं पायातले खडे झटकले, चपला घातल्या आणि डिंगीकडे चालायला लागला.

सोमवारी पहाटे निघून आम्ही संध्याकाळी अमेरिकन सामोआच्या मुख्य बेटावर, पागो पागोला पोचलो. तिथे मोठं बंदर आहे, सरकारी ऑफिसं आहेत. मंगळवारी सकाळी तो इमिग्रेशनच्या खिडकीपाशी गेला आणि काय झालं ते सगळं स्वतःच सांगितलं. अधिकारी भला माणूस होता. त्यानं दोनदा विचारलं, "नक्की नोंद करू?" बेलखोडे म्हणाला, "करा." पासपोर्टवर शिक्का बसला.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. अर्ज पडला, अर्जावरच टेकलेला त्याचा कामाचा परवाना गेला आणि नोकरीही गेली. वहिनींच्या कंपनीनं त्यांचा स्वतःचा वर्क व्हिसा चालू ठेवला होता, म्हणून त्यांची नोकरी वाचली, आणि दोन हजार आठमध्ये त्यांच्या नावानं रांग नव्यानं सुरू झाली. रेवानं स्टुडंट व्हिसा काढला. बेलखोडे अंबाझरी घेऊन पश्चिमेला फिजीपर्यंत गेला, तिथे ती विकली आणि विमानानं नागपूरला गेला. आमच्याकडे शनिवारी चिवडा खाताना लोक अजून त्याला येडा म्हणतात. मी वाद घालत नाही. मी पागो पागोहूनच विमानानं परतलो, त्यानंतर त्याला पाहिलेलं नाही. मला तो आठवतो तो त्या मंगळवारचा, पागो पागोच्या धक्क्यावरचा.

शिक्का बसल्यावर त्यानं तिथल्या फोनवरून घरी लावला. वारा फार होता म्हणून तो रिसीव्हर घट्ट धरून वाकून उभा होता आणि मी शेजारी क्वार्टरची सुटी नाणी घेऊन. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. वही, पाद्री, खिडकी, शिक्का. माफी मागितली. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला.

"सुनीता?"

"आहे मी." वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "म्हणजे अर्ज गेला?"

"गेला."

"नक्की?"

"नक्की."

मी एक क्वार्टर टाकला. वहिनी आता रडतील किंवा ओरडतील, त्यांचा हक्कच आहे, असं मला वाटलं. पण त्या अगदी हळू, लहान मुलीनं परवानगी मागावी तशा म्हणाल्या, "मग आता... मी जाऊन येऊ नागपूरला? आईकडे?"

बेलखोडे नुसता मान हलवत राहिला.

"अहो, जाऊ ना?"

तो मान हलवतच होता, जोरजोरात, डोळ्यांतून पाणी चाललेलं, रिसीव्हर कानाला तसाच. शेवटी मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "वहिनी, तो हो म्हणतोय."